बाबासाहेब सभागृहात काय बोलले?



गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. बाबासाहेबांचा जन्म कुठे झाला, आईचे नाव काय, महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला, धम्मदीक्षा कोणत्या तारखेला घेतली, मुलांनी सगळी उत्तरे पटापट दिली. बक्षिसाच्या वह्या वाटून झाल्या. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि उलट आम्हालाच विचारले, "काका, बाबासाहेब आमदार होते का? आणि होते तर तिथे ते काय बोलायचे?"

व्यासपीठावर आम्ही पाच जण बसलो होतो. एकाने घटना समितीचे सांगितले. दुसऱ्याने कायदामंत्रिपदाचे सांगितले. मुलगी म्हणाली, "ते पुस्तकात आहे. त्याच्या आधीचं विचारते आहे." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. शेवटी मी, "पुढच्या रविवारी सांगतो, बाळ," म्हणून वेळ मारून नेली.

रात्री विहारातले कपाट उघडले. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड तिथे ओळीने उभे आहेत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन, घरटी वर्गणी काढून आणलेले. दरवर्षी आपण त्यांच्यावरची धूळ पुसतो, फुले वाहतो आणि कपाट बंद करतो. त्यातला दुसरा खंड १९८२ साली निघाला. मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी १९२७ ते १९३९ या काळात केलेली भाषणे त्यात आहेत. तो हातात घेतला, तेव्हा त्याची काही पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. मला माझीच लाज वाटली.

त्या मुलीला जे सांगितले, ते आज तुम्हालाही सांगतो.

होय, बाबासाहेब आमदार होते. १९२६ च्या अखेरीस गव्हर्नरांनी अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक केली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. त्यांच्याबरोबर याच वर्गाचे दुसरे प्रतिनिधी होते डॉ. पु. गो. सोळंकी. भरल्या सभागृहात ही दोन माणसे. सरकारने नेमलेला सभासद सरकारचीच री ओढणार, असा तेव्हाचा समज. पण २४ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेब अंदाजपत्रकावर उभे राहिले आणि त्यांनी सरकारच्याच तिजोरीचा हिशेब मांडला. शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही थोडे असो, पीक बुडो की तरो, त्याला शेतसारा भरावाच लागतो. उलट ज्याला प्राप्तिकर लागतो, त्याचे उत्पन्न झाले नाही तर त्याला तो माफ. मग गरिबाला एक न्याय आणि श्रीमंताला दुसरा का, हा त्यांचा सवाल होता.

पुढे १२ मार्च १९२७ ला शिक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी आकडे पुढे ठेवले. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. एका रुपयाचे सोळा आणे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवत असेल. म्हणजे लोकांच्या खिशातून दारूपायी दोन रुपये काढायचे आणि त्यांच्या लेकरांच्या पाटीसाठी एक रुपयाही द्यायचा नाही. जेवढे दारूतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्यात शिवी नव्हती, हात जोडून केलेली विनवणीही नव्हती. सरळ हिशेब होता, आणि हिशेबाला उत्तर द्यावेच लागते.

मायबहिणींनो, ही तारीख लक्षात ठेवा. १२ मार्चला हा माणूस सभागृहात शिक्षणाचा हिशेब मांडतो आणि अवघ्या आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरतो. आपण महाडचा दिवस साजरा करतो, १२ मार्च मात्र विसरतो. पण खुद्द महाडचे मूळही सभागृहातच होते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी याच कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता, की सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाच्या आधारे १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण कागदावरच. त्या कागदावरच्या शब्दाला बाबासाहेबांनी तळ्याच्या पायऱ्यांवर उतरवले. पुढे कज्जा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. ठराव नसता तर पाऊल टाकायला आधार मिळाला नसता, आणि पाऊल टाकले नसते तर ठराव दप्तरात कुजला असता.

आता वतनाचे सांगतो. माझ्या आजोबांवर येसकरपाळी येई. पाटील-तलाठ्याचा निरोप आला, की रात्र असो, पाऊस असो, घोंगडी आणि काठी घेऊन निघायचे. साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचे, गुन्हेगाराची राखण करायची. बदल्यात काय? तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार फिरून मागितलेले बलुते. आजी सांगायची, "भाकरी मिळायची, पण ती शिळी आणि वरून टाकलेली." तरीही पुष्कळांना वतनाचा अभिमान वाटे. साखळीला दागिना समजून बसलेली माणसे ती.

बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले, ते १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी. ऑगस्टमध्ये त्यावर सविस्तर भाषण केले. वतनदार महाराला चोवीस तास बांधून ठेवले जाते, तो हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरच्या दुसऱ्या कोणाला कामाला जुंपले जाते, आणि मोबदला सरकार देत नाही, रयतेच्या मर्जीवर सोडते, हे त्यांनी कायद्याचे कलम आणि गावातला अनुभव यांची सांगड घालून दाखवले. ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा घेऊन जमीन राहू द्या, बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा, कामे कोणती ती लिहून ठेवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. विधेयक समितीकडे गेले. सरकारची साथ मिळेना, सभागृहातले बहुमत अनुकूल होईना. शेवटी १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले.

म्हणजे ते हरले का? त्या दिवशी हरले. पण बोललेला शब्द दप्तरी नोंदला गेला. चळवळ चालू राहिली आणि १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा मुंबई राज्यात झाला. विधेयक मांडल्यापासून तीस वर्षांनी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. माझ्या वडिलांना येसकरपाळी करावी लागली नाही. मी हातात काठीऐवजी पेन धरले. त्याची सुरुवात १९२८ च्या त्या हरलेल्या विधेयकात आहे.

असेच खोतीचे. कोकणात खोत कुळांच्या घामावर जगत. १९३७ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्या, पण जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडा, असे त्याचे म्हणणे होते. ती कुळे काही केवळ महारांची नव्हती, त्यात कुणबी बांधवही होते. आपल्याच जातीपुरते बोलले, असा आरोप बाबासाहेबांवर करणाऱ्यांनी हे विधेयक एकदा वाचावे. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा घेऊन आले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

गिरणी कामगारांच्या घरांत आणखी एक तारीख माहीत असायला हवी, १५ सप्टेंबर १९३८. त्या दिवशी औद्योगिक कलहाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. काही परिस्थितींत संप करणे हा गुन्हा ठरावा, असे त्या विधेयकात होते. बाबासाहेबांचा मुद्दा वकिलाचा होता आणि मजुराचाही. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, आणि करार मोडला म्हणून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. मग मजुरालाच का? मनाविरुद्ध काम करायला कायद्याने भाग पाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असे त्यांनी बजावले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, ही त्यांची भूमिका होती. बहुमताने विधेयक मंजूर झाले. मग ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप पुकारला. सभागृहात जे ऐकले गेले नाही, ते रस्त्यावर ऐकवले.

इथपर्यंत मी सांगत होतो तेव्हा विहारात मागच्या बाजूला आमच्या चाळीतली एक आजी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. गिरणीत वायंडिंग खात्यात तिची उमर गेली. मी म्हटले, "आजी, आता तुमचं सांगतो." ती हसली, "माझं काय असणार त्या पुस्तकात?"

मग मी २८ जुलै १९२८ चे भाषण काढले. कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा आणि भत्ता मिळावा, या विधेयकावर त्या दिवशी चर्चा होती. मालक बाजूचे म्हणत, हा बोजा आम्ही का उचलायचा? बाबासाहेबांनी सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. खरे तर हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण पाहणे हे सरकारचे काम. पण मालकही त्यातून सुटत नाही. तो बायकांना कामावर घेतो ते पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून जास्त फायदा होतो म्हणून. फायदा घेतो तर काही भारही त्याने उचलावा. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, आणि १९६१ मध्ये साऱ्या देशासाठी झाला.

आजी काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "थोरला झाला तेव्हा मला भरपगारी रजा मिळाली होती. मी समजत होते मुकादमाची मेहेरबानी. त्याच्या घरी नारळ घेऊन गेले होते रे मी."

विहारात कुणी बोलले नाही. मला त्या नारळाचे फार वाईट वाटले. जो हक्क होता, त्यापायी आपल्या माणसांनी किती जणांना नारळ दिले असतील! सभागृहात काय झाले ते आपल्याला कळले नाही, म्हणून हक्काला आपण उपकार समजलो आणि उपकार करणारा म्हणून भलत्याच माणसाच्या पाया पडलो. मला वाटते, बाबासाहेबांची ही भाषणे घरोघरी वाचायची ती एवढ्याचसाठी.

आणखी एकच उदाहरण देतो. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. त्यानंतर ते राज्यसभेत गेले. हाती सत्ता नाही, प्रकृती खालावलेली, बसायचे विरोधी बाकावर. १६ सप्टेंबर १९५४ ला अस्पृश्यता गुन्ह्यांचे विधेयक तिथे चर्चेला आले. बाबासाहेबांनी आधी त्याच्या नावालाच हरकत घेतली. हे नाव वाचून लोकांना वाटेल, धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू दिला नाही, अशा किरकोळ बाबींसाठी संसदेने कायदा केला. हा तर मूलभूत हक्कांच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, तेव्हा कायद्याच्या नावातच नागरी हक्कांचे संरक्षण असे शब्द असावेत, असे त्यांनी सुचवले. तेव्हा ते मानले गेले नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा म्हणूनच झाला. पण १९७६ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्याला नाव मिळाले नागरी हक्क संरक्षण कायदा. आज आपला कार्यकर्ता पोलीस ठाण्यात ज्या नावाने हा कायदा दाखवतो, त्यात बाबासाहेबांनी बावीस वर्षे आधी सुचवलेले शब्द आहेत.

बांधवांनो, या सगळ्यातून मला जे उमगले ते असे. बाबासाहेबांच्या मागे सभागृहात बहुमत क्वचितच होते. तरी त्यांनी बोलणे सोडले नाही, आणि तयारीशिवाय ते कधी उभे राहिले नाहीत. अंदाजपत्रकाचे आकडे, कायद्याची कलमे, परदेशातले दाखले आणि आपल्या माणसांचे हाल, असे सगळे एकत्र बांधून ते मांडत. पुढे घटना समितीत जी विद्वत्ता जगाने पाहिली, ती एका दिवसात आलेली नव्हती. बारा वर्षे मुंबईच्या सभागृहात ती घासून घासून तेज झाली होती. मतदानात माणूस हरतो, पण नोंदलेला शब्द मागे राहतो आणि पुढची पिढी तो उचलून धरते. मात्र शब्द बोललाच गेला नाही, तर उचलायचे काय?

आता स्वतःकडे पाहू. निवडणूक आली की उमेदवार आपल्या वस्तीत येतो. आपण त्याला काय विचारतो? विहाराला पत्रे कधी टाकणार, गल्लीत फरशी कधी बसवणार, जयंतीला वर्गणी किती देणार. या गोष्टी नकोत असे मी म्हणत नाही. पण पाच वर्षांत तो सभागृहात किती वेळा उभा राहिला, मुलांची शिष्यवृत्ती रखडली तेव्हा त्याने प्रश्न विचारला का, सफाई कामगारांच्या कंत्राटावर तो बोलला का, समाजकल्याणाच्या निधीवर अंदाजपत्रकाच्या वेळी त्याने तोंड उघडले का, हे आपण विचारत नाही. तो आपल्या समाजाचा असला तरी विचारत नाही. किंबहुना तो आपला असला की अजिबात विचारत नाही. हार घालतो आणि फोटो काढतो. फरशीचे श्रेय त्याच्या नावाच्या पाटीवर जाते, आणि त्याच्या सभागृहातल्या गप्प बसण्याची मात्र कुठेच पाटी लागत नाही.

पण नोंद असते. आमदार-खासदार लेखी प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो, अंदाजपत्रकावर बोलू शकतो, बाबासाहेबांसारखे स्वतःचे अशासकीय विधेयकही आणू शकतो. कोण काय बोलला हे शब्दशः उतरवले जाते. खासदाराने विचारलेले प्रश्न तर आता संसदेच्या संकेतस्थळावर त्याच्या नावानिशी सापडतात. आपल्या मुलांच्या हातात मोबाइल आहेच. तेव्हा मुलाला नुसते "मोबाइल ठेव" म्हणू नका. "आपल्या खासदाराने काय विचारलं ते काढून दाखव," असे सांगा.

आमच्या विहारात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. रविवारी सकाळी वंदना झाली की अर्धा तास एक भाषण वाचायचे. खंड इंग्रजीत आहे, त्याची भीती बाळगायची नाही. कॉलेजात जाणारी मुले आदल्या दिवशी वाचून येतात आणि मराठीत समजावून सांगतात. म्हातारी माणसे आपला अनुभव जोडतात. वतनाच्या भाषणाला तर तीन आजोबा बोलले आणि अर्ध्या तासाचे दोन तास कधी झाले, कळलेही नाही. तुमच्याही वस्तीत हे होऊ शकते. याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही, लाउडस्पीकर लागत नाही. कपाटाची किल्ली तेवढी लागते.

ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिनेच पहिल्या रविवारी १२ मार्च १९२७ चे भाषण सांगितले. ब्याऐंशी मुले गळतात, हा आकडा तिने फळ्यावर लिहिला आणि विचारले, "काका, आपल्या वस्तीत दहावीच्या आधी किती जणांनी शाळा सोडली?" आम्ही पुन्हा गप्प. मग दोन मुले आणि दोन मुली वही घेऊन घरोघर गेल्या. ती यादी घेऊन आम्ही पुढच्या महिन्यात आमच्या आमदारांकडे जाणार आहोत. आमच्या हातात या वेळी हार असणार नाही, ही यादी असेल. हा प्रश्न सभागृहात विचारा आणि विचारल्याची प्रत आम्हाला द्या, एवढेच त्यांना सांगणार आहोत.

आजी म्हणाली, "मीही येते. पण नारळ नाही हं आणणार."

जयभीम!